पाच वस्त्यांचं पीठ आणि न केलेला एक फोन

माफी मागायला जाताना माणसानं काय न्यावं? मी साताऱ्यात थांबून किलोभर कंदी पेढे घेतले. यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

पुण्याहून सकाळी सहाला निघाले. तुम्हाला आटपाडीकडे जायचं असेल तर कराडपर्यंत महामार्ग, तिथून डावीकडे कडेगाव आणि विटा. वाटेत टोल आहेत. मिसळ कराडला खाऊन घ्या, पेट्रोल विट्यातच भरा. कडेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस असतो, पुढे तो मागे पडून बोरी-बाभळी सुरू होतात. पाचेक तासांत पोहोचता येतं. मला दोन वर्षं लागली.

तेव्हा पुण्यात अनेक देशांची बैठक होती आणि परदेशी पाहुण्यांच्या दिमतीला मी कंत्राटावर होते. वर्ष भरडधान्यांचं. ज्वारी-बाजरी चांगली, असं आपण एकट्यानं सांगितलं असतं तर जगानं कान दिला नसता; म्हणून इतर देशांना जोडीला घेऊन ते संयुक्त राष्ट्रांकडून वदवून घेतलं. बड्यांच्या पंक्तीला बसायचं तर आधी सगळ्यांची पंगत आपण मांडायची, हे मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत समजावत असे. त्यांना ज्वारीचं शिवार दाखवायला आणि तिथली भाकरी खाऊ घालायला मी आटपाडीकडच्या धनगर वस्त्या निवडल्या. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना थंड हवा खावीशी वाटली आणि बेत बदलून महाबळेश्वर ठरलं. वस्तीवर कळवायचं काम माझं होतं. सकाळी करू म्हणत फोन राहिला, आणि मग लाज वाटून मी त्यांचे फोनही उचलले नाहीत.

सगुबाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. परवा मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, पेढ्यांचा पुडा तसाच बाजूला ठेवला आणि त्या दिवसाचं सांगितलं. चराईच्या रानावरून या पाच वस्त्यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. एकमेकांच्या लग्नातही जेवत नसत. पाहुणा सगळ्यांचा, तेव्हा पाचही वस्त्यांचं पीठ एकाच परातीत मळायचं, हे सगुबाईंनी महिनाभर दारोदार फिरून पटवलं होतं. मी ज्या मुत्सद्देगिरीची व्याख्यानं देत होते, ती ही बाई पायी हिंडून करत होती.

“पाव्हण्याआदी जेवायची रीत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दिस कलला तरी कुणी घास घेतला न्हाई, लेकरांनी बी. मग समदी एकमेकास्नी म्हणाया लागली, तुमीच कागाळी करून पाव्हणं आडवलं म्हणून. तवापास्नं कुणाचं पीठ कुणाच्या परातीत गेलं न्हाई.”

 पाचही वस्त्यांवर जाऊन खरं सांगते असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी निघालो. तीन ठिकाणी लोकांनी ऐकून घेतलं. खालच्या वस्तीवरचे म्हातारे बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. “ही सगुबाईनं शिकवून आणलीया,” एवढंच म्हणाले. ओढ्यापलीकडच्या वस्तीत कुणी दारच उघडलं नाही.

सगुबाई गाडीपर्यंत सोडायला आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ताई, तुमी मोबाईलवर लिवता न्हवं?” त्यांनी विचारलं. “चूक कुणाची ते तितं लिवा, नाव घालून. मी दावीन समद्यास्नी.”

घरी येऊन चार दिवस झाले. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी ‘काही अपरिहार्य कारणास्तव दौरा बदलला’ असं लिहून बसले होते. कातडी बचावायची सवय जाता जात नाही. ते खोडलं.

तर खालच्या वस्तीतल्या आणि ओढ्यापलीकडच्या माणसांनो, पाहुणे कुणीही अडवले नव्हते. कागाळी कुणीही केली नव्हती. ते येणार नाहीत हे मला आदल्या संध्याकाळीच माहीत होतं आणि मी कळवलं नाही. तुमची लेकरं पानापुढे उपाशी बसली होती, तेव्हा मी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खात होते.

मेधा