शिंपल्यांचा चुना

दाऊदभाई गेल्याची तार रत्नागिरीहून इथे कुवेतच्या ऑफिसात आली, तेव्हा माझ्या तोंडात विडा होता. आधी बाहेर जाऊन तो थुंकला, चूळ भरली, मग तार पुन्हा वाचली. त्यांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही…

कुवेतच्या उत्तरेला, वाऱ्याने झिजलेल्या उंच कड्याखाली परदेशी संशोधकांचा तळ होता. दाऊदभाई तिथे स्वयंपाकी, मी कारकून. मुंबईच्या बोटीने पानं यायची, चुना मात्र वाटेतच वाळून जायचा. दाऊदभाईंना पानाशिवाय करमेना. ते खाडीकाठचे, त्यांच्या घरी शिंपल्या जाळूनच चुना व्हायचा. तंबूमागे शिंपल्यांचा मोठा ढीग पडलेला. "एवढा माल फुकट घालवतात काय रे?" म्हणत एका शुक्रवारी, तळाचा मुख्य साहेब शहरात गेलेला असताना, त्यांनी भट्टी लावली. चुना पाण्यात असा पांढराशुभ्र विरला की आम्हा सगळ्यांच्या डब्या भरल्या. तोंडं रंगली, वाहवा झाली. संध्याकाळी साहेब परतला, तेव्हा त्याच्यापुढेही त्यांनी मोठ्या अदबीने विडा धरला.

साहेब ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ढिगाच्या रिकाम्या जागेकडे बघत खोक्यावर बसला. हळू आवाजात जे बोलला, ते दाऊदभाईंना मराठीत सांगणं माझ्या नशिबी आलं. एके काळी समुद्र या कड्यापर्यंत होता, काठावर माणसं राहत होती. थराथरांतून वेचलेल्या त्या शिंपल्या हाच त्याचा पुरावा होता. हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र आम्ही चघळून थुंकला होता. शरमेने कुणाची मान वर होईना.

"परत घालता नाय येनार?" दाऊदभाईंनी मला विचारलं. हा प्रश्न साहेबाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

साहेबाने त्यांना कामावरून काढलं नाही, तेच त्यांना जड गेलं. पुढे ते बिनचुन्याचं पान खात. गेल्या वर्षी कायमचे गावी निघाले, तेव्हा धक्क्यावर मी विडा दिला. त्यांनी तो उलगडून चुना बोटाने पुसून काढला.

"दाऊदभाई, किती वर्षं झाली आता!"

"तोंड रंगलं की साहेब खोक्यावर बसलेला दिसतो रे," ते म्हणाले.

त्या चुन्याची माझी डबी तेव्हापासून ट्रंकेत पडून होती. खायची लाज, टाकायचीही लाज. परवा उघडली. चुना वाळून घट्ट झाला होता, नखाने खरवडता येईना. पुन्हा दगड झाला होता. दाऊदभाईंना हे दाखवायला हवं होतं…

या शुक्रवारी मी तो दगड कड्याखाली नेऊन ठेवणार आहे. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.