उपासाचा निळा रंग

माझी थोरली अकरा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहत होतो. पोरगी दिवसभर पाणी पीत सुटायची आणि वाळत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी सुई, तीही जन्मभर. साखर-गूळ बंद, साबुदाणा-बटाटा बंद. भाकरी मात्र वेळेवर आणि पोटभर. हात कापले, घाम सुटला, तर लगेच साखर तोंडात घाला. हे शेवटचं मी ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या साखरेचा आजार, तीच साखर औषध कशी असेल? मी चौथीपर्यंत शिकलेली, पण डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी माझी खात्री होती.

चाळीत कुणाला सांगितलं नाही. असला आजार म्हटल्यावर पुढं पोरीला कोण करून घेणार? "हिला गोड पचत न्हाय," एवढंच मी सांगायची. सुई उकळताना दार लावून घ्यायची. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत ठेवायची.

तिची लघवी घरीच तपासायची होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि नळी स्टोवर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असली की हिरवं, पिवळं होत विटकरीपर्यंत जातं. आमची नळी बहुतेक विटकरीच. मग मी चोर पकडल्यासारखी तिला विचारायची.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाय."

"खोटं बोलतीस."

आणि त्या दिवशी तिची भाकरी कमी करायची. दोनाची दीड झाली, दीडाची एक.

श्रावणात चाळीतल्या पोरी सोमवार धरायच्या. हिनं धरला नाही तर बायका विचारतील, म्हणून मीच तिला धरायला लावला. साबुदाणा बंद होता, तेव्हा मूठभर शेंगदाणे आणि पाणी. सुई चुकवायची नाही असं सांगितलेलं, म्हणून सुई मात्र पूर्ण दिली. संध्याकाळी उपास सोडायच्या आधी नळी तपासली. निळी. शाईसारखी स्वच्छ निळी. मला एवढा आनंद झाला की मी ती नवऱ्याला नेऊन दाखवली.

मग तिला गुरुवार धरायला लावला. मग शनिवारही.

"आई, दुपारी हात कापतात," ती म्हणायची.

"उपासाला व्हतंयच. देवाचं नाव घे."

नळी निळी येत होती. मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

शेवटच्या सोमवारी शेजारच्या अक्कांकडं सत्यनारायण होता. दुपारची वेळ, खोली बायकांनी भरलेली, पोथी चालू. शिऱ्याचं पातेलं देवापुढं होतं, नैवेद्य अजून दाखवायचा होता. माझी पोरगी उठली, सरळ पुढं गेली आणि दोन्ही हातांनी शिरा तोंडात कोंबायला लागली. भटजी वाचायचे थांबले.

"नैवेद्य उष्टा केला की गं हिनं."

"आन् उपास हाय म्हणं हिला. लई कडक दिसतोय."

दोघी-तिघी हसल्या. मी तिच्या थोबाडीत दिली आणि मानेला धरून तिला घरी मोरीवर आणलं. "थुंक," म्हणाले. तिचा परकर-पोलका घामानं ओला झाला होता, ते माझ्या हाताला कळत होतं. तरी मी तिच्या तोंडात बोटं घालून शिरा बाहेर काढला. अक्का मागून आल्या होत्या. "खाऊ दे की गं लेकराला. देवाला काय घाई न्हाय," म्हणत होत्या. मला देवाची भीती नव्हती. साखरेची होती, आणि त्याहून जास्त त्या हसणाऱ्या बायकांची.

बोटं घातल्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती मोरीतच पडली. डोळे फिरले, हातपाय आखडले. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी नसेतून साखरेचं पाणी दिलं आणि थोड्या वेळात तिनं डोळे उघडले. साखरेनं उघडले. मी समोर उभी राहून बघितलं.

"सकाळपासून काय खाल्लंय हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी," मी म्हणाले. "रोजच्यासारखी."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या गालावर अजून माझी बोटं उठलेली होती.

"व्हय," ती म्हणाली. "खाल्ली."

दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरांनी कागदावर सुईचं औषध कमी करून लिहिलं. पोटभर खाऊनही अंगातली साखर एवढी उतरतीय, म्हणजे औषध जास्त होतंय, असं म्हणाले. कागद घेऊन मी तिला जिन्यापर्यंत आणलं. तिथं पाय अडला. आमच्या दोघींच्या खोट्यावरून औषध ठरलं होतं, आणि ते एकटीच्या अंगात जाणार होतं. मी मागं फिरले. डॉक्टरांच्या टेबलासमोर रांग होती, ती मोडून पुढं गेले.

"भाकरी दिली न्हवती," मी म्हणाले. "मीच उपास करायला लावले. आठवड्यातून तीन. शिरा खात व्हती, तोबी काढून टाकला."

रांगेतली माणसं ऐकत होती. डॉक्टर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता कागद मागून घेतला, लिहिलेलं खोडलं आणि पोरीला जवळ बोलावलं.

"एका वेळी किती भाकऱ्या लागतात गं तुला?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"एक," म्हणाली.

"दोन लिहा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं. ती अजून माझ्याकडंच बघत होती.