आक्काच्या सासरी उतरलेलं विमान

विमान चालवायला मी जुहूला शिकलो. पण विमान उतरवल्यावर काय काय सोसावं लागतं, ते मला खालापूरच्या शर्यतीच्या माळावर समजलं.

साल एकतीस किंवा बत्तीस. परवान्यासाठी एकच परीक्षा उरली होती. एकट्याने जुहूहून उडायचं, पुण्याला उतरायचं, तिथल्या अधिकाऱ्याची वहीत सही घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं. वाटेत कुठे उतरावं लागलं तर तिथल्या जबाबदार माणसाकडून कारण लिहून आणायचं. इकडे कर्जतला वडिलांनी आमच्या भातगिरणीत माझ्यासाठी नवी गादी घालून ठेवली होती. "पास झालास तर उड," ते म्हणाले, "नापास झालास तर सोमवारी गिरणीवर ये." त्या गादीवर एकदा बसलेला माणूस पुन्हा उठल्याचं आमच्या घराण्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

आमचे शिक्षक म्हणजे लढाईवरून आलेले गोरे कॅप्टन. त्यांच्या मिशा एवढ्या रुंद की विमानाचे पंख गळून पडले असते तरी ते मिशांवर खाली आले असते. "नकाशा मांडीवर ठेव," त्यांनी बजावलं. मी म्हटलं, "साहेब, कर्जतचा माणूस पुण्याची वाट नकाशात बघायला लागला तर त्याला गावात कोण घेईल? खाली रूळ आहेत, वर मी आहे." विमान उघडं, बैठक कडक. नकाशाची मी चौपदरी घडी केली आणि बुडाखाली घातली.

कल्याण आलं, गेलं. कर्जत दिसलं आणि माझी छाती अशी फुगली की पट्टा करकरला. आईने अंगणात लाल लुगडं पसरून ठेवलं होतं, मला घर ओळखू यावं म्हणून. मी घरावरून एक फेरी मारली. मग दुसरी मारली, कारण पहिलीच्या वेळी शेजारचे घरात होते. तिसऱ्या फेरीला इतका खाली आलो की चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगितलं असतं. वांगी होती.

तर असा हात हलवत, मागे वळून बघत मी निघालो आणि नजर पुढे आली तेव्हा खाली रूळ होते. रूळ म्हणजे पुणे! आता पळसदरीला रूळ फुटतात, एक फाटा घाट चढून पुण्याला जातो नि दुसरा खोपोलीला, हे कर्जतचं रांगतं पोर सांगेल. खाली एक गाडी भकाभका धूर सोडत चालली होती. पुण्याच्या गाड्या तेव्हा नुकत्याच विजेवर धावू लागल्या होत्या. त्यांच्यातून धूर निघत नाही, हेही मला ठाऊक होतं. पण धूर बघून मला काय वाटावं? बरं झालं, वाऱ्याची दिशा कळली!

पुढे ते रूळ मातीच्या एका ढिगाला जाऊन भिडले आणि संपले. पुण्याला जाणारे रूळ असे संपत नाहीत. समोर सह्याद्री उभा. खंडाळा डोक्यावर, मी त्याच्या पायाशी. गोल गोल फिरत वर चढू लागलो, तर तिसऱ्या गिरकीला इंजिन खोकलं. आधी साधं, मग डांग्या खोकला. मी मागे वळलो आणि खालापूरचा माळ धरला. तिथे बैलगाड्यांच्या शर्यती होतात, जागा सरळ. पण माळाच्या मधोमध बाया राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पालापाचोळ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन चाललेल्या. मी विमान डावीकडे ओढलं ते थेट भातखाचरांत. पाच बांध मी ओलांडले, सहाव्याने मला ओलांडलं.

डोळ्यांतली माती काढतो तो समोर पोलीस पाटील. पोलीस पाटील म्हणजे माझ्या आक्काचे सासरे.

"पाव्हणं!" ते म्हणाले. "पुन्याला जानार व्हता ना तुमी?"

"जाणारच आहे. म्हटलं, वाटेत आक्काला भेटावं."

"बरं केलंत. पन हातात काय दिसत नाय ते?"

बहिणीच्या सासरी रिकाम्या हाताने आलेला भाऊ तिथे तेव्हापर्यंत कोणी पाहिला नव्हता. तोवर आक्का पदर सावरत पोचली आणि मान खाली घालून पुटपुटली, "सकाळच्या गाडीत बसला असतास तर आतापातूर पुण्यात जेवून झोपला असतास रं!"

गावकऱ्यांनी विमान ढकलत माळावर आणलं, एका काकांनी ते कासऱ्याने आंब्याला बांधलं आणि पुढ्यात पेंढा टाकला. मी आक्काकडून केसांतला आकडा घेतला, इंजिनाची काजळी खरवडली, निघतो म्हटलं. पण जेवल्याशिवाय कोण सोडतंय? तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा. मी चार खाल्ल्या. पाचवी आक्काच्या सासूबाईंनी विचारून वाढली नाही, न विचारता वाढली.

मग मी वही पुढे केली. "मामा, लिहा की, इंजिन बिघडलं म्हणून उतरलो."

"ते लिवतो. पन आदी खोपोलीकडं कशापायी आलात?"

"ते कशाला लिहायला हवं?"

"सरकारी वही हाय. अर्दं लिवायची सवय नाय आपल्याला."

मला सगळं सांगावं लागलं, वांग्यांसकट. त्यांनी बोरू घेतला आणि पानभर लिहिलं. मी बघितलं आणि मनातल्या मनात उडीच मारली. सगळं मोडीत! जुहूला मोडी वाचणारा कोण बसलाय?

पंखा फिरवायला शर्यतीचे बैल आवरणारे दोन गडी आले. "हिला चाबूक कुटं मारायचा?" एकाने विचारलं. त्याच्या एका हिसक्याने इंजिन असं गरजलं की पेंढा माथेरानला जाऊन पडला असावा. पुणं गाठलं, सही घेतली, सूर्य बुडता बुडता जुहूला टेकलो.

कॅप्टननी वही उघडली. "हे काय?"

"इंजिन बिघडल्याचा दाखला, साहेब."

"एवढा लांब?"

"आमची भाषा जरा ऐसपैस आहे."

त्यांनी हिशेबनिसांना हाक मारली. म्हातारे हिशेबनीस चष्मा पुसत आले आणि मोडी अशी घडाघडा वाचली, जणू घरचंच पत्र. लाल लुगडं, तीन फेऱ्या, धुराची गाडी, सगळं इंग्रजीत करून सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर गिरणीतली गादी मोठी मोठी होत चालली. शेवटच्या ओळीशी ते थांबले आणि सावकाश वाचलं, "माळावरील बाया वाचविण्याकरिता मुलाने विमान खाचरांत घातले. हात चांगला आहे. नजर घराकडे आहे."

कॅप्टन मिशांच्या आड बराच वेळ हसले. मग म्हणाले, "हात शिकवता येत नाही. नजर येते. गुरुवारी पुन्हा जा." आणि शिंप्याला बोलावून नकाशा माझ्या विजारीच्या मांडीवर शिवून घेतला.

गुरुवारी कर्जतवरून गेलो ते मान खाली घालून. पळसदरीला फाटा बघितला, विजेच्या तारा बघितल्या, अकराच्या आत पुण्यात. परवाना मिळाला. तो दाखवायला घरी गेलो तर आईने तोंड फिरवलं. "दिवसभर लुगडं उन्हात विटलं. शेजारीपाजारी सगळे माना वर करून उभे, आणि हा आपला मांडीकडं बघत गेला! आई मांडीवर बसली होती का रं?"

गिरणीतल्या गादीवर पुढे आमचं मांजर बसायला लागलं. तेही तिथून उठलेलं मी कधी पाहिलं नाही.