पंढरी भावोजींनी आणलेलं कार्ड

माझ्या दिराला, पंढरीला, भिवंडीच्या आमच्या कामतघर भागात सगळे देवमाणूस म्हणतात. कुणाच्या मयतीला खांदा द्यायला हा पुढे, कुणाच्या हळदीला मांडव घालायला हाच पुढे. लोकांचं काय जातंय म्हणायला! त्यांना त्याच्यासोबत एका घरात राहायचं न्हाय. मला राहायचंय. असा आतल्या गाठीचा माणूस मी दुसरा बघितला न्हाय.

आमचा खाली लूमचा कारखाना, वर दोन बिऱ्हाडं. माझे मालक राघो गेल्यापासून कारखाना पंढरीच चालवतो. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका हां," हे येता-जाता. आणि माझी उन्नती बी.कॉम. झाली तशी तिला खालच्या ऑफिसात बसवली. बिलं, जीएसटी, मालाच्या गाड्या सुटायला लागणारी ई-वे बिलं, सगळं तिच्या गळ्यात. पगार? घरचंच काम हाय ना, पगार कसला!

पोरीने ते तोंड दाबून सोसलं. मग तिला एका कंपनीत नोकरी लागली, घरी बसून विम्याची बिलं तपासायची. पंढरीने पेढा तोंडात टाकला, पण तो काही त्याच्या घशाखाली उतरेना. तोंडावर नको म्हणायची मात्र त्याची रीत न्हाय.

नोकरीत एकच मेख होती. घरातली नेटची लाईन पंढरीच्या नावावर, खालच्या ऑफिसातून वर येणारी, आणि पासवर्ड अख्ख्या कारखान्याला पाठ. कंपनीने सांगितलं, रोग्यांची माहिती असल्या उघड्या लाईनवर चालणार नाही. फायरवॉल बसवा, तुमचं काम आणि बाकीचे मोबाईल वेगळे करा. शनिवारी आम्ही तपासू. पास झालात तर नोकरी पक्की.

उन्नती म्हणाली, "मी घरीच बनवते." फायरवॉलसाठी कारखान्यातला जुना कॉम्प्युटर तिने पुसून घेतला. पण त्याला नेटची केबल लावायला एकच जागा, आणि हिला तीन हव्या होत्या. एक बाहेरच्या लाईनला, एक कामगारांच्या वायफायला, एक स्वतःच्या खोलीला. म्हणजे दोन जागांचं वेगळं कार्ड आलं. तेही कुठलंही उचलून चालत न्हाय म्हणे. ती जे सॉफ्टवेअर टाकणार होती त्याचं इंटेलच्या चिपशी बरं जमतं, स्वस्तातल्या काही चिपांशी बिलकूल जमत न्हाय. तिने चार-चार वेळा वाचून खात्री केली आणि दुकानदार मुदस्सिरला फोन करून नेमकं कार्ड बाजूला ठेवायला सांगितलं.

पंढरी लगेच उठला. "उन्हात तू कशाला जातेस? मी आणतो." आम्ही मायलेकी खूश! किती बावळट असावं माणसाने!

त्याने आणलेला पुडा उघडला आणि उन्नतीचा चेहरा पडला. "काका, हे ते नाही."

"त्याच्याकडे हेच होतं. दोन जागा हायत ना याला? मग?"

दुसरं शोधायला वेळ न्हवता. तिने तेच बसवलं आणि शुक्रवारी दिवसभर चालवून बघितलं. काय मस्त चाललं! एकदाही अडकलं न्हाय. पण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. कामगार सुट्टीवर, खाली चिटपाखरू न्हाय, लाईनवर उन्नती एकटीच. जन्म गेला आमचा त्या खडखडाटावर, तरी हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं न्हाय.

शनिवारी लूम सुरू झाले आणि लूमसोबत सगळ्यांचे मोबाईल. कुणाचा पिक्चर, कुणाचा गावाला व्हिडिओ कॉल. कंपनीचा माणूस उन्नतीशी बोलत होता तेवढ्यात लाईन गेली. तिने तो जुना कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आली, परत गेली. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, असं नाही चालणार." पोर तोंडात ओढणी कोंबून रडली.

पंढरी वर आला. "जाऊ दे गं. आपलं ऑफिस हायच ना? सोमवारपासून ये खाली."

माझ्या मनात पाल चुकचुकली. तशीच चपला अडकवून मुदस्सिरच्या दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकात त्याला धरला. "माझ्या पोरीला भंगार विकतोस?"

"काकी, ओरडू नका," तो म्हणाला. "तिचं कार्ड हे बघा, तिच्यासाठी ठेवलेलं, अजून इथेच पडलंय. पंढरीशेठना मी सांगितलं, दुसरं घेऊ नका, त्या सॉफ्टवेअरवर लोड आला की ते बंद पडतं. ते बोलले, मला तेच दे."

माझं अंग पेटलं. कारखान्यात शिरले आणि लूमच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "तुला माहीत होतं!" आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

लाज? नाव नको. "होतं माहीत," तो म्हणाला. "घरची पोरगी परक्याची बिलं करणार, आणि माझ्या गाड्या बिलाविना दापोड्याच्या गोदामात अडकून राहणार? आता दुसरं कार्ड आणलंत तर लाईनच कापून टाकीन."

मी वर आले. उन्नतीला म्हटलं, डोळे पूस आणि कंपनीच्या माणसाला फोन लाव. तुमच्या ऑफिसात येऊन बसले तर चालेल का विचार. चालेल म्हणाला, पण ऑफिस नवी मुंबईत, ऐरोलीला. कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधून रोजची ये-जा म्हणजे जिवाचे हाल, म्हणून तिथेच निशाच्या, तिच्या मैत्रिणीच्या, खोलीवर राहायचं ठरलं.

रविवारी ती बॅग घेऊन उतरली तर पंढरी दारात उभा. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "वहिनी, तरण्या पोरीला घराबाहेर काढताय?"

"मी न्हाय, तू काढलीस," मी म्हटलं. "वरच्या खोलीत गुपचूप काम करत होती, ते तुला बघवलं न्हाय. आता काढ तुझी बिलं तूच."

रिक्षात बसताना उन्नतीने माझा हात सोडला न्हाय. "आई, तू पण चल ना."

"मी आले तर वरची खोलीही हा गिळेल," मी म्हटलं. "तुझ्या बापाची तेवढीच राहिलीय."

रिक्षा वळली. रडू आलं, पण त्याच्यासमोर रडले न्हाय. जिना चढून वर आले, त्याच्या दारावरून माझ्या दारात गेले आणि भर दुपारी आतून दोन्ही कड्या लावल्या. आता या घरात मी आणि तो.