एदेलमिराच्या पातेल्यातलं उरलंसुरलं

पुलावर नेवार्दोला गोळी घातली तेव्हा त्याच्या खेचरावरचं पोतं फाटलं आणि तांदूळ त्याच्या अंगावर सांडला. प्रेत उचलायला सगळं गाव गेलं. तांदूळ उचलायला एकटी एदेलमिरा गेली. रक्तात भिजलेला, चिखलात कालवलेला तो तांदूळ तिने झग्याच्या ओच्यात भरून आणला, ओढ्यावर नेऊन पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धुतला आणि कांदा-टोमॅटो परतून त्याचा भात केला. संध्याकाळी नेवार्दोच्या घरी जपमाळेच्या प्रार्थनेला जमलेल्यांना तोच वाढला.

मी तिची शेजारीण. मी ताट बाजूला सारलं.

"काय झालं गं नोएमी?"

"माझ्या घशाखाली नाही उतरायचा."

"उतरव. या तांदळापायी मेला तो. आता कावळ्यांना घालू का?"

मी खाल्ला. सगळ्यांनीच खाल्ला. नेवार्दोच्या बायकोने तर मागून घेतला.

नेवार्दोचा गुन्हा एवढाच, की त्याच्या पोत्यात ठरवून दिल्यापेक्षा जास्त तांदूळ होता. पुलापलीकडच्या बाजारातून कोणी किती धान्य आणायचं हे पुलावरचे बंदूकवाले ठरवत. वर डोंगरात दुसरे बंदूकवाले होते. जो जास्त धान्य आणतो तो वरच्यांना जेवू घालतो, आणि जो वरच्यांना जेवू घालतो त्याला पुलावर आडवा करायचा, असा त्यांचा सरळ न्याय. राजधानीतल्या, बोगोटाच्या पेपरात यातलं एक अक्षर आलं नाही.

पुलावरच्यांचा म्होरक्या समुद्राकाठचा. त्याची माणसं त्याला काइमान म्हणत, म्हणजे मगर. मगरीला निदान पोट भरल्यावर झोप येते.

एदेलमिराचा स्वयंपाक म्हणजे मारामारीच असायची. लसूण अशी ठेचायची की पाटा हादरायचा. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि तोंडात कायम शिवी. लग्नाच्या दिवशी नवऱ्याने, लिबार्दोने, मटणात मीठ कमी आहे म्हटलं, तर तिने त्याला डाव फेकून मारला होता. ती खूण त्याच्या भुवईवर अजून आहे. पण पुलावरच्यांनी धान्य अर्ध्यावर आणलं आणि या बाईच्या हाताची खरी किंमत कळली. केळ्याच्या साली उकडायची, काट्याने त्यांचे तंतू सोडवायची, लिंबू आणि जिरं लावून खरपूस परतायची. खाणारा विचारायचा, हे कुठलं जनावर? मक्याच्या शिळ्या भाकरीचा चुरा कांद्यावर परतून अंड्यात कालवायची. राजमा उकडलेलं पाणी सांडायची नाही, त्यात भाताची खरवड वाटून घालायची आणि दाट सूप करायची. गावातल्या बायका शिकायला यायच्या आणि शिव्या खाऊन जायच्या.

"साल फेकतेस? नवरा फेक, साल ठेव!"

असं करत गाव जगलं. आणि तेच काइमानला खुपलं. धान्य निम्म्यावर आणलं तरी यांचे गाल बसत नाहीत, म्हणजे कुठेतरी कोठार लपवलेलं आहे, असं त्याच्या डोक्याने घेतलं. तो घराघरांतून पातेली उघडून बघत सुटला. दिवेलागणीला एदेलमिराच्या दारात आला.

चुलीवर राजम्याचं मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

"घरात माणसं किती?" त्याने विचारलं.

"मी आणि हा म्हातारा."

"मग हे एवढं कोणासाठी?"

"सकाळच्या कालेंतादोसाठी."

आमच्या डोंगरात रात्रीचा राजमा कोणी रात्रीपुरता करतच नाही. उरलेला सकाळी भातात मिसळून गरम करायचा, तोच कालेंतादो, तीच न्याहारी, आणि त्यातलं एक ताट कुंपणावरून शेजारी जायचंच. रात्री ज्या घरात काही उरलं नाही त्या घराला आम्ही भिकेला लागलेलं समजतो. समुद्राकाठच्या माणसाला हे काय माहीत? ते सकाळी ताजे कंद उकडून चीज लावून खातात. शिळं खातात ती त्यांची डुकरं.

त्याने मला कुंपणाशी उभी पाहिली.

"ए शेजारणी, इकडे ये. ही खरं बोलतेय का?"

"खरं आहे हो साहेब. आम्ही सगळेच रात्री जास्त करतो."

"सगळेच?" तो हसला. "म्हणजे सगळं गावच जेवू घालतंय त्या वरच्यांना."

लिबार्दो गरीब माणूस, पण तेव्हा त्याचा तोल गेला. "तुझ्या आईने तुला कधी पोटभर वाढलं नाही वाटतं," म्हणाला. बंदुकीचा दस्ता सरळ त्याच्या तोंडावर बसला. दात अंगणात पडले, जबडा एका बाजूला लोंबायला लागला. त्याला पेरूच्या झाडाला बांधलं.

"दोघांची न्याहारी आहे ना?" काइमान म्हणाला. "मग सकाळी दोघांनीच खायची, माझ्यासमोर. पातेलं रिकामं झालं तर नवरा तुझा. उरलं तर ते कोणासाठी होतं ते मला कळेल, आणि याला पुलावर नेईन."

पातेल्यापाशी त्याने एक माणूस बसवला.

उजाडता उजाडता तो परत आला. माझ्यासकट आजूबाजूच्यांना त्याने बघायला उभं केलं होतं. एदेलमिराने राजम्यात भात मिसळून गरम केला आणि खायला बसली. रोजच्यासारखी पहिली ताटं चवीने खाल्ली, पुढची नुसती ढकलली. डोळे बाहेर आले, कपाळावर घाम फुटला. भिंतीकडे तोंड करून ओकली, तोंड पुसलं आणि परत बसली. पातेलं अजून अर्धं होतं. लिबार्दोचं तोंड उघडत नव्हतं, चावणं तर दूरच.

काइमानने पुलाकडे बघितलं.

तेव्हा ती उठली. उरलेला राजमा-भात पाट्यावर घेतला आणि लसूण ठेचावी तशी त्वेषाने वाटायला लागली. गुळाचं कोमट पाणी घालून पेज केली. झाडापाशी जाऊन लिबार्दोचा लोंबता जबडा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने चमचा आत घातला. तो गुरासारखा ओरडला.

"गिळ, म्हाताऱ्या. जन्मभर माझ्या हातचं हादडलंस, आज नखरे नकोत."

तो रडत होता आणि गिळत होता. पेजेबरोबर रक्त गिळत होता. ती त्याला शिव्या देत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

शेवटी काइमानने बंदुकीची नळी पातेल्याच्या तळाला लावली. "हे काय?"

"खरवड."

"म्हणजे उरलंच की."

तिने लोखंडी उलथन्याने खरवड सोडवली आणि त्याच्यापुढे धरली. "आमच्यात खरवड पाहुण्याची असते. तुझ्यासाठीच ठेवलीय."

असली काही रीत आमच्यात नाही. खरवडीसाठी आमच्याकडे सख्खी भावंडं एकमेकांची डोकी फोडतात. पण त्याने खाल्ली. कुरकुर आवाज आला. त्याने बोटंसुद्धा चाटली.

"सोडा त्याला," तो म्हणाला. आणि जाता जाता वळला. "उद्यापासून माझ्या माणसांसाठी तू रांधायचं. हेच."

एदेलमिरा लाकडांपाशी गेली. कुऱ्हाड उचलली. बंदुका वर झाल्या. तिने ती पातेल्यावर घातली, परत घातली, तळ फाटून जमीन दिसेपर्यंत घातली. नेवार्दोच्या तांदळाचा भात त्याच पातेल्यात झाला होता.

मग त्यांनी तिचा उजवा हात चुलीच्या दगडावर धरला आणि दस्त्याने ठेचला. हाडांचा आवाज मी ऐकला. ती ओरडली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा ठेचला.

"आता पातेलं नाही आणि हातही नाही," काइमान म्हणाला. "बघू कोणाला जेवू घालतेस ते."

त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घराने अंधार पडायच्या आत पातेली खरवडून घासली आणि अंगणात पालथी घातली, काही उरलेलं नाही हे काइमानने रस्त्यावर बसवलेल्या पहारेकऱ्याला दिसावं म्हणून. मीही घातलं. उरलं ते डुकराला टाकताना मला माझीच किळस येत होती.

सकाळी कुठल्याही घरातून राजम्याचा वास आला नाही. मग कुंपणाशी खाकरल्याचा आवाज झाला.

एदेलमिरा उभी होती. उजवा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला आणि डाव्या हातात झाकलेलं ताट. तेलाच्या डब्यात शिजवलं होतं, निम्मे दाणे कच्चे आणि मीठ भलतंच पडलेलं.

"रात्रीचं आहे!" ती पहारेकऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "मुद्दाम जास्त केलं. उरलं पाहिजे."

तो बंदूक मांडीवर घेऊन आमच्याकडेच बघत होता. मी ताट घेतलं आणि तिथेच उभ्याने, त्याच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. मग अंगणात जाऊन पालथं पातेलं सुलटं केलं आणि रात्रीसाठी राजमा भिजत घातला, पुरून उरेल इतका.