ड्रायव्हरकडचे उलटे आटे

आमच्या वडिलांच्या जुन्या जीपची पुढची दोन चाकं दोन दिशांना बघायची. आम्ही दोघे भाऊही तसेच. पण चाकांच्या मध्ये निदान एक लोखंडी दांडा होता. आमच्या मध्ये फक्त वहिनी होती, तीही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत.

दादाशी माझं बोलणं बंद होतं. वडिलांच्या तेराव्याला भर पंगतीत तो माझ्याबद्दल काही बोलला, मी ताक वाढता वाढता त्याचं उत्तर दिलं, आणि तेव्हापासून एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली राहून आमचा सगळा व्यवहार वहिनीच्या तोंडून चालायचा. तो तिच्या मागे उभा, मी तिच्या पुढे उभा, तरी दादा म्हणणार, "त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." मग ती माझ्याकडे वळून, "भावोजी, मोटर बंद करा म्हणतात." मला ऐकू आलेलं असायचं. पण तिने सांगितल्याशिवाय मी हलायचो नाही.

मग आमची बोरिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली. तोवर दादा मुलुंडला भाड्याने जाणार, मी दहिसरला. कंपाउंडात उभ्या जीपचं काय, यावर वरून निरोप आला.

"हे म्हणतात, शनिवारपर्यंत जीप स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली तर तुमची. टोइंग चालणार नाही. नाही गेली तर रविवारी भंगारवाला येतोय."

"त्यांना म्हणावं, भंगारवाल्याला म्हातारी माणसंही चालतात का ते विचारून ठेवा."

हा निरोप वहिनीने पोचवला नाही. ती असे बरेच निरोप गिळायची, म्हणून आमच्यात अजून पोलीस केस झालेली नाही.

मला जीप कशाला हवी होती? वडील दादाला घेऊन तिच्याखाली शिरायचे आणि मला बाहेर पाने द्यायला उभं करायचे. मी नेमका दुसराच पाना द्यायचो. दादा चालवायला शिकला, मी मागच्या बाकावर उलट्या दिशेने बसून ओकायला शिकलो. एकदा तरी ती जीप माझ्या हाताने फाटकाबाहेर काढायची होती. आणि दादाला ती भंगारात घालायची होती, हे कारण त्याहून मोठं होतं.

इंजिन बॅटरी बदलल्यावर खोकत का होईना सुरू झालं. अडलं होतं स्टीअरिंग. दोन्ही चाकांना जोडणारा तो दांडा म्हणजे टायरॉड. त्याच्या ड्रायव्हरकडच्या टोकाचा बॉलजॉइंट इतका झिजला होता की चक्र फिरवलं तर एक चाक ऐकायचं आणि दुसरं विचार करायचं. मेकॅनिक म्हणाला, गाडी गॅरेजला आणा. ती जाणार असती तर त्याला कशाला विचारलं असतं? कुर्ल्याहून नवा जॉइंट आणला, चटई अंथरली आणि मी स्वतःच खाली शिरलो. मी बँकेत कर्ज विभागात असतो. माझ्या हाताखाली आजवर स्टेपलर सोडून काही बिघडलं नव्हतं, कारण मी कशाला हातच लावला नव्हता.

नट सुटला. पण जॉइंटची पिन चाकाकडच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक वळवणाऱ्या लोखंडी हातात, गंजून बसली होती. मी खालून पिनेच्या टोकावर हातोडी घातली. पिन हलली नाही, तिचं टोक मात्र भज्यासारखं फुललं. मग मोबाइलवर बघितलं, तर पिनेला नाही, आर्मच्या बाजूला मारायचं असतं. तिथे मारल्यावर जॉइंट सुटला, तो थेट माझ्या कपाळावर. वरच्या गॅलरीत कोणीतरी कपातला चहा समाधानाने ओढल्याचा आवाज आला.

आता जॉइंट दांड्यातून फिरवून काढायचा होता. तो तसूभर हलेना. कुठल्या बाजूला फिरवायचा याचीही खात्री नव्हती. नाइलाजाने मी वर बघून म्हणालो, "वहिनी, त्यांना विचारा, याचे आटे कसे आहेत?"

ती आत वळली, परत आली. "म्हणतात, ड्रायव्हरकडच्या टोकाचे उलटे आहेत."

मी चटईवर पडून विचार केला. जीप सुटू नये यात ज्याचा फायदा, त्याने मला मार्ग का दाखवावा? म्हणजे आटे सरळ आहेत. मी स्वतःवर खूश झालो. माणूस ओळखणं हाच माझा धंदा. पान्याला पाण्याचा जुना पाइप अडकवला, नेहमीसारखा उघडतात तसा जोर लावला, आणि जॉइंट हलला. मी वर बघून मुद्दाम शीळ घातली. दुपारपर्यंत मी घाम गाळत, शीळ घालत पाइपाला लोंबकळत होतो.

बायको जेवायला बोलवायला आली. वाकून बघत म्हणाली, "अरे, हे काढतोयस की घालतोयस?"

"काढतोय. दिसत नाही का?"

"सकाळी बाहेर आटे दिसत होते. आता एकही दिसत नाही."

मी खाली बघितलं. मी अख्खी सकाळ तो जॉइंट आवळत होतो.

तसाच, ग्रीसच्या हातांनी, तीन मजले चढून गेलो. दार दादानेच उघडलं. वहिनी मध्ये यायला लागली, तर मी म्हणालो, "तुम्ही थांबा, वहिनी." आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडावर बोललो, "खोटं वाटावं म्हणून खरं सांगितलंस ना?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"मी खरं बोललो. लाज मला कशाची?"

"मी उलटं करणार हे तुला माहीत होतं."

"लहानपणापासून माहीत आहे. बारा नंबर मागितला की तू चौदा देणार. मी काही केलं नाही रे. मी फक्त चहा प्यायलो."

"जीप मी घेऊन जाणार."

"घेऊन जा ना. आधी काढ तर. चांगला आवळलायस, बाबांनाही इतका आवळता आला नसता."

एवढा अपमान मिळाल्यावर माणसाला ताकद येते. शुक्रवारी गंजावर तेल मारून, दांड्याचं टोक स्टोव्हच्या बर्नरने तापवून पुन्हा खाली शिरलो. बायकोने पाइप पान्याने दांडा धरला. तिची अट एकच, मी काही बोलायचं नाही. उलट्या बाजूला लोंबकळलो, एक करकर झाली, आणि जॉइंट इतका कुरकुर करत बाहेर आला की मला दादाच आठवला. नवा बसवताना फेरे मोजायचे राहिले, आणि दांड्याची लांबी, म्हणजे चाकांची दिशा, त्यावरच ठरते, हे नंतर कळलं.

शनिवारी जीप निघाली. पुढची चाकं आता एकमेकांकडे नाक करून होती, टायर रडत होते. सरळ जायला मला चक्र अर्धं वाकडं धरावं लागत होतं. दादा फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता. मागचं चाक रस्त्यावर आल्यावर मी ब्रेक मारला.

"बाहेर आहे," मी म्हणालो.

तो वाकून चाकं बघत म्हणाला, "बाहेर आहे. दहिसरला पोचायच्या आत टायर खाणार ही. दांडा अजून फिरवायला हवा."

"कुठल्या बाजूला?"

"सांगून उपयोग काय?" तो म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

जीप आता माझ्याकडे आहे आणि आमचं बोलणं सुरू झालंय. दर रविवारी मुलुंडहून त्याचा फोन येतो, मी काय काय चुकीचं बसवलंय ते सांगायला. मी त्याला त्याच्या वयाची आठवण करून देतो, तो मला माझ्या अकलेची, आणि कोणीतरी एक जण फोन आपटतो. मध्ये निरोप गिळायला कोणी नसल्यामुळे सगळं थेट पोचतं. वहिनी म्हणते, भावोजी, बोलत नव्हतात तेव्हा बरं होतं.