मीठ बघायचं काम ताईचं

पोळी-भाजी केंद्रातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पातेल्याच्या बुडाला थर धरतो ना, तसे ते धरतात. आज घासून काढले तरी उद्या थोडे असतातच.

आमचं केंद्र लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. पुढे काउंटर, मागे ओटा, वर पोटमाळ्यावर आम्ही राहतो. भाजी-आमटी आईची, पोळ्या घोडपदेवहून येणाऱ्या शोभाकाकूंच्या. मी दहावीत आहे. शाळेत जायच्या आधी डब्यांना रबर लावणं हे माझं काम. मी फारसं बोलत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, हिला ऐकूही कमी येत असणार. त्यामुळे गिऱ्हाइकं माझ्यासमोर अगदी मोकळेपणाने बोलतात!

आणि मीठ बघायचं काम मानसीताईचं.

हे जरा सांगावं लागेल. आई स्वयंपाक करताना कधी चाखत नाही. आजीने तिला तसंच शिकवलंय. आधी देव्हाऱ्यापुढे वाटी ठेवायची, मग इतरांच्या तोंडात. आता देव काही मीठ कमी-जास्त सांगत नाही, आणि गिऱ्हाईक तर लगेच सांगतं. म्हणून वाटी ठेवून झाली की आई हाक मारायची, "मानसी!" ताई उजवा तळहात पुढे करायची. आई पळीने आमटीचा थेंब टाकायची. ताई डोळे मिटून चाटायची आणि निकाल द्यायची, "जमलंय." नाहीतर, "मीठ कमी."

ताईचा निकाल कधी चुकायचा नाही. एकदा आईला तो पटला नाही.

"बघ हं, नीट बघ," आई म्हणाली.

"मग अजून एक वाटी दे, भातासकट," ताई म्हणाली. "नीट बघायला पोट भरलेलं लागतं!"

*

दुसरी गोष्ट शेवटच्या पोळीची. पीठ संपत आलं की शोभाकाकूंच्या परातीत एक बारकासा गोळा उरतो. त्याची वेडीवाकडी पोळी होते, ती विकता येत नाही. ती आमची. तूप-साखर लावून गुंडाळायची आणि दोघींनी अर्धी-अर्धी करायची. तोडायची ताई, म्हणून मोठा तुकडा कायम तिचा.

"तू मोठा का घेतेस गं?" मी एकदा धीर करून विचारलं.

"कारण मी मोठी आहे," ताई म्हणाली. "तू मोठी झालीस की मी म्हातारी झालेली असेन. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला मोठा तुकडा द्यायचा असतो!"

*

ताई दादरला साड्यांच्या शोरूममध्ये काम करते. मालकांनी तिथे रील्स काढायला सुरुवात केली. मुलींनी साडी नेसून फिरून दाखवायचं. ताईला हे इतकं आवडलं की ती घरी टॉवेलच्या निऱ्या काढून चालायची. पहिल्या रीलमध्ये ती पैठणी नेसून अशी हसलीय, की मी ते रील किती वेळा बघितलं ते सांगत नाही.

खाली कमेंट आल्या. एकाने लिहिलं होतं, "साडी कुठेय? मुलगीच दिसतेय सगळीकडे."

ताईने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि आम्ही सगळे हसलो. तीसुद्धा हसली. पुढच्या रीलमध्ये साडी शोरूममधल्याच ऋतुजाने नेसली होती आणि ताई मागे पदर धरून उभी होती. रीलमध्ये तिचा फक्त हात दिसला.

त्या संध्याकाळी ताईने पोळीचा छोटा तुकडा घेतला. मला फार आनंद झाला. मला वाटलं, मी मोठी झाले!

*

महिन्याभरात ताई खरंच बारीक दिसायला लागली. चाळीत तिचं कौतुक सुरू झालं. समोरच्या खोलीतल्या वहिनी आईला म्हणाल्या, "काय खायला घालता हो पोरीला?"

"सगळंच घालते," आई म्हणाली. "ती खात नाही, एवढंच."

मग खाऱ्या आमटीचा दिवस उजाडला. आईने आमटीत मीठ घातलं आणि तिला फोन आला. आई विसरली असणार असं समजून शोभाकाकूंनीही घातलं. असं पूर्वीही व्हायचं, पण ताई पकडायची. त्या दिवशी ताईने तळहातावर थेंब घेतला, हात तोंडाजवळ नेला आणि ओढणीला पुसला. मी बघितलं.

"जमलंय," ताई म्हणाली.

दुपारी फोन सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, "वहिनी, आज आमटी शिजवलीत की गिरगाव चौपाटीवरून भरून आणलीत?" सावंतकाकांनी फोन केला नाही, ते स्वतः आले. सावंतकाका म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, एकटे राहतात, दोन्ही वेळचा डबा आमचाच. डबा काउंटरवर ठेवून म्हणाले, "डायबेटिस आहे, बीपी आहे. आता तुमच्या आमटीलाही हॉस्पिटलचं कार्ड काढून देऊ का?"

आईने सगळ्यांची माफी मागितली. रात्रीचा डबा फुकट दिला. पण तिला वाईट कशाचं वाटलं, ते मला माहीत आहे. ताईने न चाखता "जमलंय" म्हटल्याचं. ते ती कुणालाच बोलली नाही, ताईलासुद्धा नाही.

*

फ्रीजमध्ये आलं-लसणाच्या वाटणाचे दोन डबे असतात. एके दिवशी शोभाकाकूंनी चुकून मागचा, तिसरा डबा उघडला आणि घोडपदेवपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आल्या-लसणाबरोबर आता सुयो पण गावतत काय गो?"

आत एक पेनासारखं इंजेक्शन होतं आणि सुया. ताईनेच ठेवलेलं. ती ज्या जिमला जाते तिथल्या सरांनी दिलेलं. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. भूकच लागत नाही. ऋतुजा आणि ताई, दोघींत एकच पेन.

"सुई बदलतो आम्ही," ताई म्हणाली. "एवढं कळतं मला!"

नेमके तेव्हा सावंतकाका डबा न्यायला आलेले. त्यांनी ते पेन हातात घेतलं, चष्मा वर केला.

"हे तर मी घेतो," ते म्हणाले.

"बघ!" ताई आईला म्हणाली. "काका पण घेतात!"

"घेतो ना. माझ्या डॉक्टरबाई दर वेळी बोलावतात, रक्त तपासतात, थोडं थोडं करून वाढवतात. उलटी झाली की मी त्यांना फोन करतो. तुझे डॉक्टर कुठे बसतात?"

ताईने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

"जिममध्ये," शोभाकाकूंनी उत्तर दिलं. "ट्रेडमिलच्या बाजूक!"

मला हसू आलं. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी रबर लावत बसले.

"तुम्हा लोकांना मी जाडीच आवडते," ती म्हणाली. "मला तिकडे कुणी उभंही करत नाही."

तो डबा आमच्या फ्रीजमधून गेला. शोरूमच्या फ्रीजमध्ये गेला, मालकांच्या ताकाच्या मागे, हे आम्हाला नंतर कळलं.

*

त्याच दिवसांत आमची प्रीलिम होती. माझ्या वर्गातली श्रावणी आमच्याकडूनच डबा नेते. तिच्या भावाला लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिलेली आहे. त्याला ती लागतेच. श्रावणीने विचार केला, त्याचं लक्ष लागतं तर माझं कितीतरी जास्त लागेल! तिने पेपरच्या दिवशी त्याची गोळी घेतली.

लक्ष लागलं. पहिल्याच प्रश्नाला लागलं आणि तिथून हललंच नाही! ती पुरवण्या मागत गेली, अक्षर अगदी मोत्यासारखं. बेल झाली तेव्हा बाईंनी पेपर बघितला आणि म्हणाल्या, "बाळा, उत्तर छान आहे. पण बाकीचे प्रश्नही तुलाच लिहायचे होते."

श्रावणी हसायला गेली आणि तिला हसता येईना. तिचे हात थरथरत होते. तिने माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत कुणीतरी ताशा वाजवत होतं. बाईंनी तिला ताबडतोब डॉक्टरांकडे नेलं. घरी तिच्या भावाला गोळी कमी पडली, तो दिवसभर विचारत होता, "माझी गोळी कुठे गेली?"

त्या दिवशी तिचा डबा भरलेला परत आला. ताईचाही आला. मी दोन्ही डबे उघडून बघितले. भाजी तशीच, पोळी तशीच, पोळीच्या घडीत ठेवलेली लसणीची चटणीसुद्धा तशीच.

मी ताईला श्रावणीचं सगळं सांगितलं. एवढं सलग मी कधीच बोलले नव्हते.

"ती बावळट आहे," ताई म्हणाली. "दुसऱ्याची गोळी कुणी घेतं का?"

 

*

शेवटी ताईला रीलमध्ये पुढे उभं केलं. अंजिरी नारायणपेठ. जिमचे सर म्हणाले होते, कार्यक्रम जवळ आला असेल तर डबल घे. तिने डबल घेतलं. दोन दिवस पोटात पाणीही ठरत नव्हतं, तरी ती गेली.

मालकांनी त्याचं शूटिंग लाइव्ह ठेवलं होतं. मी काउंटरवर फोन उभा करून बघत होते. ताई वळली, हसली, पदर पसरला आणि साडीसकट खाली बसली. लगेच एकाने लिहिलं, "वा, काय नजाकत आहे!" तिला चक्कर आली होती.

परळच्या हॉस्पिटलात तिला सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पेन एकटीने घेतलं की वाटून, हे विचारलं. "सुई बदलायचो," ताई हळूच म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त पेनच्या आतही जातं, बाळ. नुसती सुई बदलून भागत नाही." ऋतुजालाही बोलावून दोघींच्या तपासण्या केल्या. शोभाकाकूंनी डॉक्टरांना विचारलं, "भूक परत येतली ना हिची?"

"येईल," त्या म्हणाल्या. "औषध शरीरातून जायला वेळ लागतो. मागे लागू नका."

*

मागे कुणी लागलं नाही. आईने फक्त मीठ बघायचं काम मला दिलं.

हा माझा सगळ्यात वाईट किस्सा आहे. मला सगळंच बरोबर वाटतं! शोभाकाकू बीपीमुळे मीठ कमी खातात, त्यांना सगळंच खारट लागतं. मी "जमलंय" म्हणायचे, काकू "खारट" म्हणायच्या, आणि आई दोघींच्या मधलं काहीतरी करायची. सावंतकाका डबा परत देताना म्हणाले, "चव नाही असं म्हणत नाही मी. पण कुणीतरी रजेवर आहे."

ताई पोटमाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. भांड्यांचा आवाज तिच्यापर्यंत जायचा, वास जायचा. शेवटची पोळी आता पूर्ण मला मिळायची. मी तिचे दोन तुकडे करायचे आणि छोटा खायचे. मोठा तुकडा ताटलीत तसाच राहायचा, मग कावळ्याला घालायचे.

कधी कधी मी ते पहिलं रील बघायचे. पैठणीवालं. मालकांनी ते अजून काढलेलं नाही.

*

आणि हे गेल्या आठवड्यातलं.

काळ्या वाटाण्याची आमटी होती. ताईची आवडती. आईने खोबऱ्याचं वाटण जास्त केलं, फोडणी दिली आणि वास जिन्याने वर गेला. देव्हाऱ्यापुढे वाटी ठेवली. मी रबर लावत होते. मिठाची बरणी माझ्या कोपराशीच होती. सकाळपासून तिचं झाकण कुणी उघडलं नव्हतं.

शोभाकाकूंच्याही लक्षात आलं. "अगो, तू मीठ..." त्या म्हणाल्या. आईने त्यांच्याकडे एकदाच बघितलं. काकू पोळी लाटायला लागल्या.

आईने मला हाक मारली नाही. ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली.

"मानसी!"

 आईने पळी धरलेलीच. मग जिन्याची पायरी वाजली. ताई केस बांधत खाली आली, कुणाकडे न बघता ओट्याशी गेली आणि उजवा तळहात पुढे केला. आईने थेंब टाकला. ताईने डोळे मिटले.

"आई! अगं, मीठच नाहीये!"

"नाही?" आई म्हणाली. "मग घाल ना."

ताईने बरणी उघडली, मीठ घातलं, तळापासून ढवळलं. आणि पुन्हा तळहात पुढे केला.